राइड-ऑन लॉन मोवर चालवणे आणि सांभाळणे: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गंगापूर रोडची फार्महाउस, दिंडोरीकडच्या वायनरी, त्र्यंबक रस्त्यावरची रिसॉर्ट, शाळांची मैदानं आणि शहराभोवतीची लग्नाची लॉन्स. हिरवळ एकरात मोजायची वेळ आली की बसून चालवायच्या मोवरचा विषय निघतोच. हे यंत्र सपाट, कोरड्या, दगड नसलेल्या हिरवळीसाठी बनलेलं असतं. आपल्याकडे खाली काळी माती, मधूनमधून मुरूम आणि वरून चार महिने पाऊस. त्यामुळे खालची उत्तरं यंत्राइतकीच जमिनीबद्दलही आहेत. आकडे सर्वसाधारण पेट्रोल मोवरचे आहेत; तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेत वेगळं लिहिलं असेल तर पुस्तिकेचं ऐका.

किती जागा असेल तर राइड-ऑन घ्यावा?

दहा गुंठ्यांच्या आत असेल तर घेऊ नका. ढकलायचा मोवर पुरतो आणि कोपऱ्यांत तोच बरा पडतो. वीस गुंठ्यांपासून पुढे बसायच्या यंत्राचा उपयोग जाणवायला लागतो. डेक म्हणजे यंत्राखालचं, पाती झाकणारं पत्र्याचं कवच. ४२ इंची डेक म्हणजे साधारण १०७ सेंटिमीटरचा पट्टा. ताशी ५ किलोमीटरने, दोन पट्टे थोडे एकमेकांवर घेत, मोकळा एक एकर साधारण तासाभरात होतो. झाडांची आळी, फुलांचे वाफे आणि दिव्यांचे खांब मधे असले की याच एकराला दीड-दोन तास धरा.

घेण्याआधी फाटक मोजा. ४२ इंच ही कापायची रुंदी झाली. बाजूला गवत फेकणारं तोंड धरून यंत्र १३० सेंटिमीटरच्या आसपास जातं, आणि चार फुटी फाटकातून ते निघत नाही.

झिरो-टर्न घ्यावा की ट्रॅक्टरसारखा, स्टिअरिंगवाला?

सपाट जागा आणि भरपूर झाडं असतील तर झिरो-टर्न, म्हणजे जागच्या जागी वळणारा. जागेला उतार असेल तर स्टिअरिंगवाला. दोन लिव्हरच्या झिरो-टर्नमध्ये पुढची चाकं नुसती फिरती असतात. वळणं आणि थांबणं दोन्ही मागच्या चाकांवर चालतं. उतारावर ती चाकं घसरली की दिशाही हातातून जाते आणि ब्रेकही. शेततळ्याच्या किंवा नदीच्या काठी असलेल्या जागेत हा मुद्दा किमतीपेक्षा मोठा आहे.

द्राक्षबागेत दोन ओळींमधलं गवत यानं कापता येईल का?

नाही. ओळींमधली जमीन वरंब्यांनी उंचसखल असते, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडलेल्या असतात, दगड असतात, मांडवाच्या तारांचे तुकडे असतात. सगळ्यात वाईट म्हणजे ठिबकची नळी. पात्यानं ती ओढली की स्पिंडलभोवती, म्हणजे पातं ज्यावर फिरतं त्या दांड्याभोवती, दोरासारखी गुंडाळली जाते, सील फाटतं आणि वर धूळ-पाणी गेलं की बेअरिंग संपतं. बागेसाठी मिनी ट्रॅक्टर आणि त्यामागे स्लॅशर हेच योग्य. बंगल्याच्या हिरवळीला ठिबक असेल तर तिथंही कापण्याआधी नळ्या उचलून बाजूला करा.

सुरू करण्याआधी रोज काय पाहायचं?

आधी जमीन, मग यंत्र. बहुतेक जण हे उलटं करतात किंवा पहिलं करतच नाहीत.

संपूर्ण पट्टा पायी फिरा. पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला ९० मीटरपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे ताशी सव्वातीनशे किलोमीटर. त्या टोकाला लागलेला सुपारीएवढा दगड कुठे जाईल हे कोणी सांगू शकत नाही. लग्नाच्या लॉनवर तर हे काम दुप्पट काळजीचं: मंडपाचे खिळे, बांबू बांधायची काळी तार, लाइटिंगवाल्यानं टाकलेले टाय, बाटल्यांची झाकणं, गवतात आडवी राहिलेली लोखंडी पेग. दोरीला मोठं चुंबक बांधून लॉनवरून एकदा ओढलं की डोळ्यांना न दिसलेले खिळेही निघतात. बांबूचे खड्डे बुजवले आहेत का तेही पाहा, पुढचं चाक त्यात गेलं की डेक जमिनीला घासतो. स्प्रिंकलरच्या टोकांजवळ छोटी झेंडी किंवा पांढरी खूण ठेवा.

मग यंत्र. सपाट जागी, इंजिन थंड असताना ऑइलची कांडी बघा. चारही चाकांची हवा बघा. इंजिनच्या जाळीवर आणि पंख्याभोवती वाळलेलं गवत अडकलेलं असेल तर काढा, कारण हे इंजिन हवेवर थंड होतं आणि जाळी बंद झाली की उन्हाळ्यात अर्ध्या तासात तापतं. बाजूच्या तोंडावरचं झाकण जागेवर आहे ना ते पाहा. ते वर बांधून ठेवायची सवय धोक्याची आहे, कारण दगड सरळ तिथूनच बाहेर येतो.

सीटखालचा स्विच सारखा यंत्र बंद पाडतो. मेकॅनिक म्हणतो, ‘वायर डायरेक्ट करून देतो’. करू का?

करू नका. या एका वायरवर ड्रायव्हरचे पाय टिकून असतात. पाती चालू असताना माणूस सीटवरून उठला किंवा पडला, तर हा स्विच इंजिन बंद करतो आणि पाती काही सेकंदांत थांबतात. वायर जोडून टाकली की पडलेल्या माणसावरून यंत्र तसंच पुढे जातं.

शिवाय स्विच उगाच यंत्र बंद पाडत नाही. खड्ड्यातून जाताना यंत्र बंद पडत असेल तर सीटचे स्प्रिंग थकले आहेत किंवा सीट पुढेमागे करायच्या पट्टीत कचरा बसला आहे. पावसाळ्यात बंद पडत असेल तर स्विचच्या वायरच्या जोडावर हिरवट गंज असतो. जोड उघडा, स्वच्छ करा, डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा. तारा उंदरांनी कुरतडल्या असतील तर ते डोळ्यांना दिसतं. नवीन स्विच हा यंत्रातल्या स्वस्त भागांपैकी एक आहे.

आठवड्यातून एकदा तपासणी करा. मोकळ्या जागी, जवळ कोणी नसताना:

१. ब्रेक न दाबता चावी फिरवा. इंजिन सुरू होता कामा नये.
२. ब्रेक दाबून, पाती चालू करायचं बटण वर ओढून चावी फिरवा. तरीही सुरू होता कामा नये.
३. इंजिन चालू, पाती चालू, यंत्र उभं. सीटवरून किंचित उठा, पाय फूटरेस्टवरच ठेवा. इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे.
४. पाती बंद केल्यावर ती किती वेळ फिरतात ते ऐका. पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ घरघर येत राहिली तर पात्यांचा ब्रेक किंवा क्लच झिजला आहे.

यातली एकही गोष्ट चुकली तर त्या दिवशी गवत राहू द्या.

उतारावर किती अंशांपर्यंत चालवायचं?

कमाल १५ अंश, आणि झिरो-टर्नला त्याहून कमी. अंदाजानं ठरवू नका, मोजा. एक मीटरची सरळ पट्टी घ्या, वरचं टोक उतारावर टेकवा, स्पिरिट लेव्हल ठेवून पट्टी आडवी करा आणि खालच्या टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. २७ सेंटिमीटर भरलं म्हणजे १५ अंश झाले. त्याहून जास्त असेल तर तिथं ब्रश कटर.

स्टिअरिंगवालं यंत्र उतारावर वर-खाली चालवायचं, आडवं नाही. उतारावर वळायचं नाही. वळावंच लागलं तर हळू, खालच्या बाजूला. मधेच थांबायचं, सुरू करायचं, वेग बदलायचा नाही. चढताना टायर घसरायला लागला तर पाती बंद करा आणि त्याच रेषेत हळू खाली या. न्यूट्रल टाकून खाली सोडणं हा उलटण्याचा हमखास रस्ता. मागे गवताच्या पिशव्या लावल्या असतील तर वजन मागे जातं आणि चढावर पुढची चाकं हलकी होतात, म्हणून चढाच्या भागात पिशव्या काढूनच जा.

शेततळं, विहीर, भिंतीचा कठडा, नाला यांच्या कडेपासून यंत्राच्या दोन रुंदी दूर राहा. पावसाळ्यात काठाची काळी माती वरून घट्ट दिसते आणि चाकाखाली ढासळते. यंत्राला डोक्यामागे लोखंडी कमान असेल तर ती उभी असताना सीटचा पट्टा लावायचाच. कमान आडवी केलेली असेल किंवा नसेलच, तर पट्टा लावायचा नाही, म्हणजे उलटताना बाहेर पडता येतं.

पावसाळ्यात ओलं गवत कापलं तर काय होतं?

तीन गोष्टी होतात. गवत डेकखाली थापलं जातं आणि हवा फिरायची थांबते, म्हणून कापलेलं गवत गठ्ठ्यांनी पडतं. खालचं गवत दोन दिवसांत पिवळं होतं. टायर घसरतात. आणि काळ्या मातीत चाकोऱ्या पडतात, माती दाबली जाते, मग ऑक्टोबरच्या उन्हात त्या पट्ट्यातली हिरवळ आधी सुकते.

टाचेची परीक्षा सोपी आहे. मैदानावर चालत जा आणि मागे वळून पाहा. टाचेचा ठसा उमटला किंवा पाणी वर आलं, तर आज यंत्र आत न्यायचं नाही. शहरात पाऊस थांबल्यावर एक-दोन दिवसांत जमीन धरते. इगतपुरी-त्र्यंबक भागात जुलैमध्ये अशी उघडीप मिळणंच कठीण, म्हणून तिथल्या रिसॉर्टनी पावसाळ्यात पिशवी न लावता डेक दोन खाचा वर ठेवून कापावं आणि फार वाढलेला भाग ब्रश कटरनं घ्यावा. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पहाटेची थंडी आणि दव असतं. दहा वाजेपर्यंत वाट पाहिली तर काप स्वच्छ येतो.

किती उंचीवर कापायचं?

एका वेळी गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. हिरवळ ४० मिलिमीटरवर ठेवायची असेल तर ६० झाली की कापा. हरळीच्या जातीच्या लॉनला २५ ते ४० मिलिमीटर ठीक. एप्रिल-मे महिन्यांत उंची एक खाच वाढवा, मुळांवर सावली राहते. २५ मिलिमीटरच्या खाली फिरतं पातं गवत खरवडतं, उंचवट्यावर माती दिसायला लागते. पावसाळ्यात दर ५ ते ७ दिवसांनी, उन्हाळ्यात १२ ते १५ दिवसांनी, थंडीत त्याहूनही उशिरा. महिनाभर वाढलेलं गुडघाभर गवत असेल तर एका फेरीत खाली आणू नका. आधी सर्वांत वरच्या खाचेवर, चार दिवसांनी खाली.

कापताना इंजिन पूर्ण वेगावर आणि यंत्र हळू. पुष्कळ जण पेट्रोल वाचवायला इंजिन अर्ध्यावर ठेवतात. त्यानं पात्याचा वेग पडतो, गवत तुटतं, कापलं जात नाही. शिवाय पंख्याची हवा कमी झाल्यानं इंजिन तापतं.

मुलांना मांडीवर घेऊन एक फेरी मारली तर चालेल?

अजिबात नाही. एकदा बसवलेलं मूल पुढच्या वेळी आवाज ऐकून स्वतः धावत येतं, आणि मागे जाताना ड्रायव्हरला ते दिसत नाही. गवत कापत असताना मुलं घरात, मोठ्या माणसाच्या नजरेखाली. मागे घेण्याआधी पाती बंद करा आणि मागे, तेही खाली जमिनीकडे, बघा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं राइड-ऑन चालवायला किमान वय १६ वर्षं सांगितलं आहे.

चालवताना काय घालायचं?

बंद बूट, पूर्ण लांबीची पँट, डोळ्यांना गॉगल, कानांना मफ. गळ्यातला गमछा, ओढणी, सैल साडीचा पदर यांपैकी काहीही नको. इंजिनचा आवाज ९० डेसिबलच्या आसपास असतो आणि रोज तासन्‌तास ऐकणाऱ्या माळ्याच्या कानांवर त्याचा परिणाम होतो. मफ लावलेल्या माणसाला हाक ऐकू येत नाही, म्हणून त्याच्या समोरून येऊन हात करायची पद्धत ठरवा. मागून जाऊन खांद्यावर हात ठेवू नका.

गवतात साप असेल तर?

नाग, घोणस, मण्यार, फुरसं हे चारही विषारी साप आपल्याकडे आढळतात. वाढलेल्या गवतात आधी काठी आपटत फेरी मारा, कडेचे दगड-विटांचे ढीग हलवून ठेवा. दिसला तर यंत्र बंद करून लांब व्हा आणि सर्पमित्राला किंवा वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा. चावल्यास १०८. जखम कापणं, चोखणं, आवळून बांधणं काहीही नको; हातपाय न हलवता थेट सरकारी रुग्णालय.

डेकखाली गवत अडकलं. हात घालून काढू का?

आधी पाती बंद, पार्किंग ब्रेक, इंजिन बंद, चावी खिशात. मग स्पार्क प्लगची टोपी ओढून बाजूला करा. एवढं झाल्यावर लाकडी किंवा प्लास्टिकच्या उलथन्यानं काढा, हातानं नाही. इंजिन बंद असतानाही पातं हातानं फिरलं तर ते फिरवणाऱ्या पट्ट्यातला ताण सुटून ते झटका देऊ शकतं.

इंजिन ऑइल कोणतं, किती, कधी?

एका सिलिंडरच्या इंजिनात साधारण १.४ लिटर, दोन सिलिंडरच्या व्ही-इंजिनात १.९ लिटरच्या जवळपास, फिल्टर धरून. नवीन यंत्रात पहिलं ऑइल ५ ते ८ तासांनी बदलायचं, कारण सुरुवातीला धातूचा बारीक चुरा त्यात उतरतो. त्यानंतर दर ५० तासांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल ते. पुष्कळ इंजिनांच्या पुस्तिकेत एसएई ३० किंवा १०डब्ल्यू-३० असतं. २७ अंशांच्या वर १०डब्ल्यू-३० जास्त जळू शकतं, म्हणून नाशिकच्या मार्च ते मे महिन्यांत एसएई ३० बरं पडतं. बाइकचं २०डब्ल्यू-४० घरात पडलंय म्हणून ओतू नका. पुस्तिकेत नसलेली ग्रेड ही वॉरंटी नाकारायला चांगली सबब असते.

इंजिन जरा गरम करून ऑइल काढा, पातळ होऊन मळ घेऊन निघतं. भरताना थांबून थांबून भरा. जास्त भरलं तर निळसर धूर येतो आणि एअर फिल्टर ऑइलनं भिजतो.

एक खूण लक्षात ठेवा. कांडीवरची पातळी आपोआप वाढली असेल आणि ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, तर कार्ब्युरेटरमधली पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई बसत नाही आणि पेट्रोल खाली उतरतंय. अशा वेळी इंजिन सुरू करू नका. सुई साफ करा किंवा बदला, ऑइल बदला, मगच चावी फिरवा. पेट्रोलचा कॉक असेल तर काम संपल्यावर तो रोज बंद करायचा, म्हणजे ही वेळच येत नाही.

पंपावरचं ई२० पेट्रोल चालतं का?

लहान इंजिन बनवणारे बहुतेक कारखाने १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालेल असं सांगतात. आपल्या पंपांवर आता २० टक्क्यांचं मिश्रण येतं. म्हणून पुस्तिका आधी वाचा, आणि वापरावंच लागणार असेल तर पेट्रोल साठवू नका. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पावसाळ्यात अर्ध्या भरलेल्या टाकीत पाणी मिसळतं, एका मर्यादेपलीकडे ते वेगळं होऊन खाली बसतं आणि कार्ब्युरेटरच्या वाटीत पांढरट-हिरवट थर धरतो. पेट्रोल जायची बारीक भोकं (जेट) त्यानंच बंद होतात.

त्याची ओळख: इंजिन एका लयीत न चालता वर-खाली होत राहतं. चोक अर्धा ओढल्यावर ते सुधारलं, तर इंजिनला पेट्रोल कमी पोचतंय हे नक्की. वाटी उघडून साफ करा. टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून दहा मिनिटं ठेवा. तळाला वेगळा थर दिसला तर टाकी पूर्ण रिकामी करा. रबरी नळ्या वर्षातून एकदा वाकवून पाहा, भेगा दिसल्या की बदला.

पेट्रोल दोन-तीन आठवड्यांपुरतंच आणा, तेही धातूच्या कॅनमधून. कॅन भरताना तो गाडीच्या डिकीत नाही, जमिनीवर ठेवा. प्लास्टिकच्या अस्तरावर स्थिर वीज साठते. मोवरमध्ये भरताना इंजिन थंड हवं आणि टाकीच्या तोंडापासून तीन सेंटिमीटर जागा मोकळी हवी.

पात्यांना धार कशी लावायची?

दर २५ तासांनी, आणि आपल्या मुरमाड जमिनीत त्याआधीही. धार गेल्याचं गवतच सांगतं: कापल्यानंतर दुसऱ्या दिवशी हिरवळीवर पांढरट-तपकिरी झाक येते. एक पान तोडून जवळून पाहा. टोक सरळ कापलेलं असेल तर पातं ठीक. टोकाला धागे निघालेले असतील तर पातं गवत ओरबाडतंय.

चावी काढा, प्लगची टोपी काढा. पुढची बाजू जॅकनं उचला आणि फ्रेमखाली स्टँड लावा. नुसत्या जॅकवर उभ्या यंत्राखाली कधीही जाऊ नका. मागच्या चाकांना दगड नको, लाकडी ठोकळे लावा. पातं आणि डेकच्या मधे लाकूड अडकवून बोल्ट सोडा. बोल्ट सुटत नसेल तर जोर करण्याआधी आटे उलटे तर नाहीत ना ते पाहा, काही यंत्रांत असतात. काढण्याआधी पात्याच्या खालच्या बाजूला रंगाचा ठिपका द्या.

मूळ उताराच्या रेषेतच घासा, साधारण ३० अंश. विळ्याइतकी धार नको. एवढी बारीक कड पहिल्या खड्याला दुमडते. ग्राइंडर वापरत असाल तर थांबून थांबून, धातू निळा पडता कामा नये, त्यानं पातं मऊ होतं. मग भिंतीत खिळा ठोकून मधल्या भोकात पातं अडकवा. जी बाजू खाली जाईल तिच्या मागच्या कडेचा धातू थोडा काढा, धारेचा नाही. तोल चुकलेलं पातं हादरे देतं आणि ते हादरे आधी बेअरिंग खातात.

बसवताना पात्याचा वळलेला पंख वर, डेककडे. उलटं बसवणं ही इथली ठरलेली चूक आहे. मग दोन तास फिरूनही गवत तसंच राहतं आणि दोष इंजिनला दिला जातो. बोल्ट टॉर्क पान्यानं आवळा. बहुतेक यंत्रांत तो ६० ते १२० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, नेमका आकडा पुस्तिकेत. पंख झिजून पातळ झाला, चीर पडली किंवा पातं वाकलं, तर ते भंगारात. वाकलेलं पातं ठोकून सरळ करू नका, वेल्डिंग तर मुळीच नको.

एका बाजूला गवत उंच, एका बाजूला छोटं राहतं. का?

आधी टायरची हवा. जवळजवळ अर्ध्या वेळा तिथंच उत्तर सापडतं. मग सपाट काँक्रीटवर यंत्र उभं करा, पाती आडवी फिरवा आणि डाव्या-उजव्या टोकांपासून जमिनीपर्यंत मोजा. फरक ३ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावा. पाती पुढेमागे फिरवून मोजा: पुढचं टोक मागच्यापेक्षा ३ ते ६ मिलिमीटर खाली हवं, म्हणजे कापलेलं गवत दुसऱ्यांदा घासत नाही. फरक असेल तर डेकच्या टांगणीचे नट फिरवून जुळवा. दोन पात्यांच्या मधे बारीक पट्टी उभी राहत असेल तर पात्यांची टोकं झिजली आहेत.

हवा किती भरायची?

पुढे १२ ते १४, मागे १० पीएसआयच्या आसपास. पंक्चरवाल्याकडे नेलं की तो सवयीनं कारइतकी, ३० हवा भरतो. हे टायर एवढ्या दाबासाठी नाहीत. पकड जाते, काप बिघडतो आणि रिमवरून टायर उडू शकतो. बाभळीच्या काट्यांचा त्रास असेल तर आतून सीलंट घाला.

जळका वास येतो आणि पाती थांबतात.

पट्टा घसरतोय. उंच ओलं गवत घेतलं की होतं, पण रोज होत असेल तर ताण देणाऱ्या पुलीचं स्प्रिंग किंवा बेअरिंग पाहा. पट्टा काढून प्रत्येक स्पिंडल हातानं फिरवा. खरखर लागली किंवा पातं वर-खाली हललं तर बेअरिंग गेलं. अनेक डेकमध्ये ६२०३ किंवा ६२०४ क्रमांकाची साधी बेअरिंग असतात आणि ती कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतात. जुनं काढून त्यावरचा क्रमांक वाचून न्या. स्पिंडलचं घर फुटलं तरच नवीन मागवायचं, नुसतं झिजलं असेल तर बुश करून द्यायला सातपूर-अंबडला टर्नर मिळतात. पट्टा मात्र मोवरचाच घ्या. पिठाच्या गिरणीचा त्याच लांबीचा पट्टा बसतो, पण क्लच लागताना-सुटताना लागणारी घसट तो सोसत नाही.

ग्रीसचे निप्पल असतील तर दर २५ तासांनी दोन दाब. जास्त मारलं तर सील बाहेर येतं.

चावी फिरवली, काहीच होत नाही.

सीटवर नीट बसा, ब्रेक पूर्ण दाबा, पात्यांचं बटण खाली. तरीही काही नाही तर फ्यूज. मग बॅटरी: मीटरवर १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२ च्या खाली म्हणजे चार्ज करा. फक्त ‘टक्’ असा आवाज येत असेल तर बॅटरीची टर्मिनलं आणि फ्रेमला जाणारी काळी वायर घासून साफ करा, नंतर सोलेनॉइड, म्हणजे स्टार्टरला वीज सोडणारा स्विच, पाहा. इंजिन चालू झाल्यावर १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. नाही दिसले तर चार्जिंग होत नाही आणि नवीन बॅटरीही आठवड्यात बसेल.

इंजिन अर्धं फिरून अडकतं आणि बॅटरी चांगली असते, अशा वेळी स्टार्टर बदलू नका. व्हॉल्व्हची फट वाढली की दाब सोडणारी यंत्रणा काम करत नाही आणि स्टार्टरला इंजिन ओढवत नाही. फट जुळवून घ्या. फिरतं पण पेटत नाही, तर कॉक, जुनं पेट्रोल, मग प्लग. बऱ्याच इंजिनांत प्लगची फट ०.७६ मिलिमीटर असते.

एअर फिल्टर हवेनं मारून परत लावला तर?

कागदी फिल्टरला कॉम्प्रेसरची हवा मारू नका, कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात आणि धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाते. हलकेच आपटून झाडा, दर १०० तासांनी बदला. बाहेरचा फोम साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. ऑक्टोबर ते मे हे धुळीचे महिने. तेव्हा दर २५ तासांऐवजी दर १०-१५ तासांनी बघा.

धुवायचं कसं?

इंजिन थंड झाल्यावर. डेकला पाइप जोडायची जागा असेल तर ती वापरा, नंतर पाती दोन मिनिटं चालवून वाळवा. गाडी धुवायचं प्रेशर मशिन स्पिंडल, क्लच आणि वायरिंगवर मारू नका. पाणी सील ओलांडून आत जातं आणि बिघाड महिन्यानं कळतो. ओलं गवत डेकला रात्रभर चिकटून राहू देऊ नका, त्याखाली पत्रा गंजतो. युरिया टाकलेल्या लॉनवर तर लवकरच.

छोट्या हत्तीतून दुसऱ्या साइटवर न्यायचं असेल तर?

पूर्ण रुंदीचा रॅम्प घ्या, दोन फळ्या नको. पाती बंद, डेक वर. झिरो-टर्न रिव्हर्समध्ये चढवा आणि उतरवताना तोंड पुढे ठेवा. पेट्रोलचा कॉक बंद, पार्किंग ब्रेक लावलेला, पुढून आणि मागून फ्रेमला पट्टे. हायड्रो (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) गिअरचं बंद पडलेलं यंत्र ढकलायचं असेल तर आधी मागचा फ्रीव्हील लिव्हर ओढा, नाहीतर गिअर आतून झिजतो. या यंत्राला रस्त्यावरचा परवाना नसतो, त्यामुळे शेजारच्या प्लॉटलासुद्धा डांबरी रस्त्यानं चालवत नेऊ नका.

दीड-दोन महिने चालवायचा नसेल तर काय करून ठेवायचं?

कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा होतो. टाकीतलं पेट्रोल काढून गाडीत वापरा. ऑइल बदला, जुनं ऑइल गटारात नाही, गॅरेजला द्या. डेक खरवडून कोरडा करा. बॅटरीची काळी वायर आधी, लाल नंतर सोडा, आणि महिन्यातून एकदा कमी अँपिअरच्या चार्जरवर लावा. चावी घरात. यंत्र पत्र्याच्या शेडमध्ये ठेवणार असाल तर फटी बुजवा. इंजिनच्या आवरणाखालची उबदार जागा उंदरांना घरट्यासाठी आवडते, आणि पुन्हा सुरू करण्याआधी ते आवरण काढून आत पाहायचं.